आठवी रेषा पुन्हा निळी

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी पाच तापमानांच्या मोजमापांचा एक आलेख काढला होता. पडद्यावर पाचही रेषा ठसठशीत दिसत होत्या. मग अहवालाच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स काढल्या. तोंडी परीक्षेत सरांनी एका रेषेवर बोट ठेवलं, "ही कुठल्या तापमानाची?" शेजारशेजारच्या दोन रेषा सारख्याच करड्या झाल्या होत्या. एक मुळात लाल होती, दुसरी हिरवी; पण कोणती कुठली, हे मलाच सांगता येईना.

ते रंग मी निवडलेले नव्हते. एका आलेखात अनेक रेषा काढल्या की सॉफ्टवेअर ठरलेल्या क्रमाने रंग वाटत जातं. मॅटलॅब हे गणिती सॉफ्टवेअर आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब, दोन्हींचा जुना क्रम निळा, हिरवा, लाल असा सुरू व्हायचा. एकूण रंग सात. आठवी रेषा काढली की ती पुन्हा निळी!

लाल आणि हिरवा इतके वेगळे, मग करड्यात एक का होतात? पडद्यावरचा प्रत्येक रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे ० ते १ मधले तीन आकडे. त्या क्रमातला लाल (१, ०, ०), तर हिरवा (०, ०.५, ०). डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. म्हणजे हिरवा अर्धा केला तरी तो लालपेक्षा उजळच दिसायला हवा. पण आकडा अर्धा केल्याने प्रकाश अर्धा होत नाही, ०.५ या आकड्याला पडदा पूर्ण प्रकाशाच्या साधारण २१ टक्केच देतो. ७२ टक्क्यांचे २१ टक्के म्हणजे सुमारे १५. तिकडे लाल २१ वर. कागदावर हा फरक जवळपास पुसला जातो.

काही वाचकांची अडचण तर रंगीत छपाईनेही सुटत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ पैकी एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. जपानच्या मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी अशा डोळ्यांनाही वेगळे दिसतील असे आठ रंग सुचवले. शास्त्रीय आलेखांसाठी इतकं उपयोगी काम मला दुसरं चटकन आठवत नाही.

मॅटलॅबने २०१४ मध्ये क्रम बदलला, मॅटप्लॉटलिबने २०१७ मध्ये. दोन्हींकडे आता निळ्यानंतर नारिंगी येतो, आणि ही जोडी लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्यांनाही वेगळी दिसते. मॅटप्लॉटलिबचे रंगही दहा झाले. तरी त्यात तिसरा हिरवा आणि चौथा लाल अजून शेजारीच आहेत, हे मला खटकतं.

म्हणून मी आता एक रेषा अखंड काढते, दुसरी तुटक, तिसरी ठिपक्यांची, आणि प्रत्येकीच्या टोकाशी तिचं तापमान लिहिते. झेरॉक्समध्येही ते वाचता येतं.