घार वरून, मुंगूस खालून

अंगणात पिल्लांना घेऊन उकरत फिरणारी कोंबडी मधेच थबकते, मान वाकडी करते आणि एक डोळा आभाळाला लावते. आपल्याला वर काहीच दिसत नसतं. तेवढ्यात कोंबडा बारीक, लांबट सूर काढतो आणि बघता बघता पिल्लं अडुळशाच्या बुंध्याशी, नाहीतर आईच्या पंखाखाली गडप होतात. मग कुठे माडांच्या शेंड्यांवरून घार सरकत येते. कुत्रं आलं तर हाच कोंबडा निराळं ओरडतो. मोठ्यानं, तुटक तुटक, थांबायचं नाव न घेता. त्या ओरडण्यावर लपायला कोणी धावत नाही, सगळ्या माना उंच करून चौफेर बघायला लागतात.

हे दोन इशारे खरोखर वेगळे आहेत. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक ख्रिस इव्हान्स, पीटर मार्लर आणि सहकाऱ्यांनी 1993 साली कोंबड्यांना या आवाजांची नुसती ध्वनिमुद्रणं ऐकवली. समोर ना घार, ना कुत्रं. तरी आभाळातल्या शत्रूचा इशारा ऐकताच कोंबड्या आडोशाला पळाल्या, दबून बसल्या आणि वर बघू लागल्या. जमिनीवरच्या शत्रूच्या इशाऱ्याला त्या ताठ उभ्या राहून आजूबाजूला पाहत राहिल्या. म्हणजे आवाजात नुसती भीती नव्हती, ‘कुठून’ हेही होतं. मार्लर यांच्याच गटाला त्याआधी दिसलं होतं, की कोंबडा एकटा असला तर घारीसारखी आकृती बघूनही बहुधा गप्प राहतो. जवळ कोंबडी असेल तर ओरडतो. कोंबडा नुसताच दाणे खातो असं म्हणून त्याला आधी कापणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

पण इशारा मिळून उपयोग काय, लपायला जागाच नसेल तर? झाडून-सारवून लख्ख केलेलं मोकळं अंगण माणसाला आवडतं आणि घारीला त्याहून जास्त. मोकळ्या कोंबड्यांना चार पावलांवर काहीतरी आडोसा हवा. तुरीची ओळ, कढीपत्ता, जुनी बैलगाडी, काहीही चालेल. अगदी लहान पिल्लांना घारीइतकाच कावळ्याचा धोका असतो. त्यावर जुना उपाय डालग्याचा. बांबूचं डालगं पालथं घालून एका बाजूनं विटेवर टेकवायचं आणि आत कणी टाकायची. त्या फटीतून पिल्लं सुळकन आत शिरतात, कावळा आत जायला बिचकतो.

हॅचरीतून आणलेल्या एक दिवसाच्या पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना इशारा देणारी आई नाही आणि ऊब देणारीही नाही. अंड्यातून बाहेर पडण्याच्या थोडं आधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर ते दोनेक दिवस अन्नपाण्यावाचून तगतं, म्हणून तर खोक्यातून दूरवरचा प्रवास त्याला झेपतो. ऊब मात्र त्याच्यापाशी साठवलेली नसते. मोठ्या कोंबडीचं अंग 41 अंश सेल्सियसच्या आसपास असतं. पिल्लाच्या अंगावर नुसती लव, खरी पिसं यायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर अंगातली ऊब त्याला टिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात ऊब देणाऱ्या बल्बखाली साधारण 35 अंश तापमान ठेवावं आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवावं.

तापमापक नसला तरी अडत नाही, पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून मोठ्यानं चिवचिवत असतील तर गारठली आहेत. अशा ढिगात तळाची पिल्लं गुदमरून मरतात. चोच उघडी टाकून कडेला पांगली असतील तर बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारं लागतंय. खात-पीत सगळीकडे विखुरली आणि मधूनच आडवी पडून झोपली, की समजावं झकास जमलं.

खाली भाताचं तूस दोन-तीन इंच पसरावं. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरून ते कायमचे फाकू शकतात. तूस ओलं राहू देऊ नये. रक्ती हगवण करणाऱ्या परजीवीचे विष्ठेतले बीजकोश ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग द्यायला तयार होतात, म्हणून पावसाळ्यात तूस रोज खालीवर करावं. पाण्याच्या थाळीत खडे टाकावेत, नाहीतर पेंगलेलं पिल्लू त्यातच बुडतं.

घरात कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली असेल तर यातलं बरंच काम तिच्यावर सोपवता येतं. विकत आणलेली दिवसा-दोन दिवसांची पिल्लं काळोख पडल्यावर एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवायची. सकाळी बहुतेकदा ती त्यांना आपलीच समजून घेऊन हिंडते.

अंधारातच का, तर कोंबडीला रात्री नीट दिसत नाही. तिच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींची चंगळ आहे, अतिनील प्रकाशही तिला दिसतो. मंद उजेडात कामी येणाऱ्या दंडपेशी मात्र कमी. दिवसा एवढी सावध असणारी कोंबडी रात्री जवळजवळ आंधळी होऊन बसून राहते. रानात असती तर झाडावर चढून बसली असती. खुराड्यात तिची राखण आपल्याकडे येते.

मुंगूस किंवा रानमांजर आत शिरलं की सात-आठ कोंबड्या मेलेल्या मिळतात आणि खाल्लेली असते एखादी. मुंगूस रक्तच पितो, असं मग सगळे म्हणतात. खरं कारण बंद जागा हे आहे. शिकारी प्राणी एक भक्ष्य धरतो तेव्हा एरवी बाकीचे पळून जातात. इथे कोंबड्या डोळ्यांसमोर फडफडत राहतात आणि प्रत्येक फडफड त्याला पुन्हा झडप घालायला लावते. षट्कोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दातांनी ती फाटते. अर्ध्या इंची वेल्डेड जाळी महाग पडते, पण उंदीर आणि धामणही तीच अडवते. शिवाय जाळीचा फूटभर पट्टा बाहेरच्या अंगाला जमिनीलगत पसरून मातीनं झाकावा. उकरणारा प्राणी भिंतीला लागूनच उकरतो, तिथे त्याला जाळी लागते.

या सगळ्यांपेक्षा जास्त कोंबड्या नेते ती मानमोडीची साथ. तिचा विषाणू 1920च्या दशकात उत्तराखंडातल्या कुमाऊंमधल्या राणीखेतला आढळला, म्हणून रोगाचं नाव राणीखेत. जाळी त्याला अडवत नाही. बाजारातून आणलेल्या नव्या कोंबडीबरोबर तो येतो. म्हणून नवी कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवावी आणि पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात घालावा. पुढच्या मात्रा पशुवैद्यकाला विचारून. लशीच्या कुपीत बहुधा शंभर किंवा जास्त मात्रा असतात आणि पातळ केलेली लस दोनेक तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण आणणार, असं म्हणून ती राहून जाते. आळीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एक कुपी बर्फात घालून आणावी आणि सकाळच्या गारव्यातच सगळ्यांची पिल्लं उरकून घ्यावीत.