किराळ लागणे

कोवळी, पाण्याच्या ताणाने वाढ खुंटलेली किंवा कापणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेली ज्वारी खाल्ल्याने गुरांना होणारी सायनाइडची विषबाधा. खरिपाच्या पेरणीनंतर पावसाने ओढ दिली की दावं तोडून शेतात शिरलेली गाय किंवा म्हैस हमखास याला बळी पडते. ज्वारीत धुरिन नावाचे ग्लुकोसाइड असते. पान चावले, चुरगळले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. सर्वाधिक विष कोवळ्या पानांत आणि फुटव्यांत असते. ताटे गुडघ्याएवढीच असताना धोका मोठा असतो, पीक फुलोऱ्यात येईपर्यंत तो बराच उतरतो. नीट वाळलेल्या कडब्यातून आम्ल बव्हंशी उडून गेलेले असते.

जनावर चरता चरता थरथरते, तोंडाला फेस येतो, धापा टाकत कोसळते आणि बऱ्याचदा तासाभराच्या आत मरते. अशा मृत्यूला गावात सर्रास ‘पान लागलं’ म्हणजे साप चावला असे म्हणतात. हा अंदाज अगदीच वेडगळ नाही, कारण दोन्ही घटना बांधावरच घडतात.

निदानाची किल्ली रक्तात आहे. सायनाइड पेशींमधील सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर बंद पाडते. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून जनावर गुदमरत असतानाही हिरड्या आणि पापणीची आतली बाजू निळी न पडता लालभडक दिसते, शिरेतले रक्तही तसेच. मेल्यावर उशीर झाला तर मात्र हा रंग काळवंडतो. पोट उघडताच कधी कडू बदामासारखा वास येतो, पण तो काही माणसांना उपजतच कळत नाही. वास नाही म्हणून किराळ नाही, असे ठरवू नये.

खरी फसगत नायट्रेटच्या विषबाधेत होते. भरपूर युरिया दिलेल्या आणि पाण्याच्या ताणात सापडलेल्या त्याच ज्वारीत नायट्रेटही साठते. लक्षणे जवळपास तीच, फक्त रक्त चॉकलेटी-तपकिरी असते. हा फरक जीवघेणा आहे. किराळीवर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. नायट्रेटच्या जनावराला तेच नायट्राइट दिले तर आधीच बिघडलेले रक्त आणखी बिघडते. त्याला मिथिलिन ब्लू लागते. शंका असेल तेव्हा एकटे थायोसल्फेट देणे सुरक्षित.

चाऱ्याची तपासणी सोपी आहे. पाने बारीक चिरून परीक्षानळीत घालायची, वर क्लोरोफॉर्मचे दोन-चार थेंब टाकायचे आणि सोडियम पिक्रेटात भिजवलेली पिवळी कागदी पट्टी पानांना न टेकवता लोंबकळत ठेवून बूच घट्ट लावायचे. नळी हाताच्या उबेत धरली तरी चालते. पट्टी विटकरी झाली की सायनाइड आहे, आणि जितक्या लवकर होईल तितके ते जास्त. नायट्रेटसाठी चिरलेल्या धाटावर डायफिनिलअमाइनचा थेंब टाकतात, तो गडद निळा होतो.

प्रयोगशाळेकडे कोटीपोटातला चारा, यकृत आणि स्नायू पाठवायचे असतात. सायनाइड उडून जाणारे असल्याने डबा हवाबंद हवा आणि बर्फात हवा, फॉर्मेलिन चालत नाही. यकृताचा नमुना मृत्यूनंतर 4 तासांच्या आत घ्यावा, स्नायूतले विष साधारण 20 तासांपर्यंत सापडते. मात्र नाकातोंडातून न गोठणारे रक्त येत असेल तर सुरी लावू नये. ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स हा रोग, असू शकते. तेव्हा कानाच्या शिरेतल्या रक्ताचा लेप काचपट्टीवर घेऊन आधी तपासतात.

घाणेरीची विषबाधा याच्या उलट, संथ. टंचाईत किंवा ओळख नसलेल्या माळावर गुरे ती खातात. तिच्यातल्या लँटाडिन या विषामुळे यकृत बिघडून पित्त तुंबते आणि हिरव्या चाऱ्यातून तयार होणारे फायलोएरिथ्रिन रक्तात साठते. मग उन्हात कातडी भाजल्यासारखी होते, पण फक्त पांढऱ्या ठिपक्यांवर आणि नाकपुडीवर. काळा भाग शाबूत राहतो. बांड्या जनावरावर हे इतके स्पष्ट उमटते की डोळे पिवळे आहेत का एवढेच पाहायचे उरते. पोट थंडावलेले असल्याने आत पडलेली पाने मात्र दिवसेंदिवस विष सोडत राहतात.

पान लागल्याचा भास देणारे आणखी एक विष म्हणजे गुंज. गुंजेच्या वाटलेल्या बियांची सुकवलेली सुई, ‘सुतारी’, कातड्यासाठी किंवा वैरापोटी जनावराला टोचण्याची नोंद न्यायवैद्यकात जुनी आहे. सर्पदंशासारखीच सूज येते. अशा वेळी सुजेची जागा चिरून सुईचे तुकडे शोधतात आणि त्यात अब्रिन हे गुंजेचे विष आहे का ते तपासतात.