लायसन्स आलं, आता मेडिकेडला बिल लावू? थांबा

अमेरिकेत नव्याने काम सुरू करणाऱ्या स्पीच थेरपिस्टांमध्ये, त्यात आपल्याकडून गेलेलेही आले, एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: 'आशा' (ASHA) या स्पीच थेरपिस्टांच्या अमेरिकी संघटनेचं सर्टिफिकेट आणि एनपीआय हा आरोग्यसेवा देणाऱ्याचा राष्ट्रीय नंबर हातात आला की मेडिकेडला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याला, बिल लावायला मोकळे. तसं नाही.

'आशा' ही व्यावसायिक संघटना. तिचं सीसीसी, म्हणजे क्लिनिकल कौशल्याचं सर्टिफिकेट, हा सरकारी परवाना नव्हे; लायसन्स राज्य देतं. एनपीआय तर नुसता 10 आकडी ओळखक्रमांक, फुकट मिळणारा. त्यावरून ना लायसन्स सिद्ध होतं, ना मेडिकेडमधली नोंदणी.

समजात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो टिकला असावा. मेडिकेडच्या केंद्रीय नियमात स्पीच पॅथॉलॉजिस्टच्या व्याख्येत आशाच्या सर्टिफिकेटचा उल्लेख आहेच. पण तेवढंच शिक्षण आणि अनुभव असला तरी चालतो. पात्रता ही झाली. नोंदणी वेगळी, आणि मेडिकेड राज्यं चालवत असल्याने ती प्रत्येक राज्यात नव्याने. वर किमान दर 5 वर्षांनी फेरपडताळणी.

खरी मेख डॉक्टरच्या रेफरल चिठ्ठीत आहे. मूल रेफर करणारा डॉक्टर स्वतः मेडिकेडमध्ये नोंदलेला नसेल, तर तुमचे कागद चोख असूनही क्लेम परत येऊ शकतो. त्याचा एनपीआय आधीच तपासून घ्या. रुग्ण मॅनेज्ड केअर प्लॅनमध्ये, म्हणजे राज्याच्या वतीने विमा कंपनी चालवते त्या मेडिकेड योजनेत असेल, तर त्या कंपनीचं क्रेडेन्शियलिंग, म्हणजे पात्रतेची कागदतपासणी, आणखी वेगळं. कटकट आहे, पण चुकत नाही. आणि मंजुरीआधीच्या तारखांचे पैसे मागाहून मिळतीलच, हे गृहीत धरू नका. ते राज्यागणिक बदलतं.