कबर सापडत नाही, की नोंदच नाही? बसऱ्याला गेलेले पणजोबा शोधताना

सातारा, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत सांगतात की आमचे खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईला गेले ते परत आलेच नाहीत. मग कुणीतरी युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नावं जपणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर जाऊन नाव टाकतो, काहीच येत नाही, आणि घरात ठरून जातं की इंग्रजांनी नोंदच ठेवली नाही. एवढ्यात हात टेकू नका. कबर माहीत नसणं वेगळं आणि नोंदीत नावच नसणं वेगळं, पुढचं सगळं काम त्यावर ठरतं.

आधी कबर नसलेल्यांचं बघू, कारण आपल्याकडची बरीच माणसं यातच आहेत असं मला वाटतं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या ४०,००० हून जास्त लोकांची कबर माहीत नाही, त्यांच्यासाठी बसरा मेमोरियल आहे. तिथल्या भिंतीवर हिंदी सैन्यातल्या फक्त ऑफिसरांची नावं कोरली, साध्या शिपायांचा पलटणीप्रमाणे नुसता आकडा टाकला. हा अन्याय होता, त्याला दुसरा शब्द नाही. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी इराकातल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होत्या, २९ एप्रिल १९१६ ला तिथली फौज शरण गेली, नंतर कैदेतही खूप जण मेले. त्यामुळे भिंतीचा फोटो बघून नाव नाही म्हणून नोंद नाही असं समजू नका, शिपायांची नावं कमिशनच्या रजिस्टरमध्ये आहेत आणि साइटवर सर्चही होतात.

फक्त शोधायची पद्धत बदला. आडनाव बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं, असलं तरी जाधवचं स्पेलिंग दहा तऱ्हेचं, म्हणून आधी पलटण टाका, मग नुसतं पहिलं नाव, आणि तपशिलात बापाचं नाव, गाव, तालुका असेल तर ते जुळवून बघा. कोकणातले जहाजावरचे खलाशी असतील तर समुद्रात मेलेल्यांना कबर असणारच नाही, पहिल्या महायुद्धातल्या अशा २,००० हून जास्त खलाशांचं स्मारक मुंबईत इंडियन सेलर्स होमला आहे.

आता दुसरा प्रकार, नोंदच नसलेली माणसं. कमिशनच्याच २०२१ च्या रिपोर्टमध्ये कबूल केलंय की पहिल्या महायुद्धातले किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत लोक नावाने किंवा अजिबातच नोंदवले गेले नाहीत. यात मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तचे लोक आहेत, पण फक्त तेच नाहीत. इथे सर्च करत बसून उपयोग नाही, पुरावा देऊन नाव घालून घ्यावं लागतं आणि तसा अर्ज कमिशनकडे आजही करता येतो. सैन्यात नोकरी होती हे दाखवायचं आणि मृत्यूची तारीख ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ मधली हवी (दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७). नोकरीत असताना आजाराने गेले तरी चालतं, लढाईतच पडायला हवं असं नाही. पण नाव कमी होऊन घरी आल्यावर गेले असतील तर ते दुखणं नोकरीमुळेच होतं हेही दाखवावं लागतं, आणि शंभर वर्षांनी ते फार अवघड जातं.

पुरावा म्हणून लोक मेडल काढतात. मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण असते, ते फार कामाचं, पण मेडल जिवंत परतलेल्यांनाही मिळायचं. सिंह आणि बाईचं चित्र असलेली साधारण १२ सेंटीमीटरची गोल ब्राँझची चकती मात्र फक्त मेलेल्यांच्या घरी यायची आणि तिच्यावर नाव उठवलेलं असतं. ती पेटीत पडली असेल तर आधी फोटो काढा, आणि मोडीत तर अजिबात घालू नका. गावातला इंग्रजी दगड, इथून इतके गेले आणि इतके मेले असं सांगणारा, त्यावर सहसा आकडाच असतो, तेवढ्याने एका माणसाचं नाव सिद्ध होत नाही. त्यासोबत जुने पेन्शनचे कागद जोडा, आणि ते घरात नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरला पलटण आणि नंबर देऊन लेखी विचारा.