एनूमा एलिश

मेसोपोटेमियातील सृष्ट्युत्पत्तिविषयक काव्य. अक्कडियन या प्राचीन सेमिटिक भाषेतील व क्यूनिफॉर्म (कीलाकृती) लिपीतील हे काव्य मातीच्या सात फलकांवर असून त्याच्या ओळी सुमारे अकराशे आहेत. ‘वर जेव्हा’ या अर्थाच्या आरंभीच्या शब्दांवरून त्यास हे नाव पडले.

गोड्या पाण्याचा अप्सू व खाऱ्या पाण्याची तिआमत यांच्यापासून देव जन्मतात. त्यांच्या गोंगाटाला कंटाळून त्यांचा नाश करू पाहणाऱ्या अप्सूला त्यांच्यापैकीच एआ हा देव मारतो. पुढे सूडाला उठलेल्या तिआमतला बॅबिलनचा देव मार्दुक ठार करतो व देवांचे राजपद मिळवतो. सुका मासा चिरावा तशी तो तिच्या देहाची दोन शकले करतो, एकाचे आकाश करतो आणि त्यातले पाणी निसटू नये म्हणून पहारेकरी बसवतो. तिच्या डोळ्यांतून युफ्रेटीस व टायग्रिस वाहू लागतात. किंगू या तिच्या सेनानीच्या रक्तापासून मनुष्य घडतो. काव्याची अखेर मात्र मार्दुकाच्या पन्नास नावांनी होते. हेतूच्या दृष्टीने पाहता सृष्टिरचना हा या काव्याचा एक भागच ठरतो. त्याचा मुख्य विषय मार्दुकाचे राज्यारोहण हा होय.

निनेव्ह येथील ॲसिरियन राजा असुरबनिपालच्या ग्रंथालयाच्या उत्खननात १८४९ पासून याचे तुकडे हाती आले. जॉर्ज स्मिथ याने १८७६ मध्ये त्यांचे भाषांतर प्रसिद्ध केले. पाचवा फलक दीर्घकाळ फारच त्रुटित होता.

रचनाकाळ वादग्रस्त आहे. राजा हामुराबीच्या काळी (इ. स. पू. १८ वे शतक) बॅबिलनचा उत्कर्ष झाला, तेव्हाच हे काव्य रचले गेले असे पूर्वी बहुधा मानीत. तथापि हामुराबीच्या विधिसंहितेच्या प्रस्तावनेत अनू व एनलिल हे श्रेष्ठ देव मार्दुकाला मानवांवरील अधिकार देतात. देवांचे राजपद तेथे त्याच्याकडे नाही. विल्फ्रेड लॅम्बर्ट यांनी १९६४ मध्ये बॅबिलनचा राजा पहिला नेबुकॅडनेझर (इ. स. पू. सु. ११२५–११०४) याच्या कारकिर्दीकडे लक्ष वेधले. त्याने पूर्वेकडील एलाम राज्यावर विजय मिळवून मार्दुकाची मूर्ती परत आणली आणि या सुमाराच्या लेखांत मार्दुक ‘देवांचा राजा’ म्हणून येऊ लागतो. काही अभ्यासक त्याआधीच्या कॅसाइट राजवंशाच्या काळाचा पक्ष घेतात. ज्ञात प्रतींपैकी सर्वांत जुन्या साधारण इ. स. पू. नवव्या शतकातील असल्याने निर्णायक पुरावा नाही. लॅम्बर्ट यांचे मत त्यातल्या त्यात अधिक ग्राह्य वाटते.

कथाद्रव्य मात्र निःसंशय जुने आहे. मार्दुकाच्या युद्धावर निनुर्ता हा देव व अंझू पक्षी यांच्या कथेची छाप स्पष्ट दिसते. सागराशी झुंजणाऱ्या वादळदेवाची कल्पना भूमध्य सागराच्या किनाऱ्याकडून आली असावी, असे थॉर्किल्ड जेकबसन यांनी १९६८ मध्ये सुचविले. सिरियाच्या किनाऱ्यावरील युगारिट येथील बाल (वादळदेव) व यम (सागर) यांच्या संघर्षाचा त्यास आधार होता. पुढे युफ्रेटीसकाठच्या मारी या प्राचीन नगरातील एका पत्राने या तर्काला बळकटी दिली: ज्या शस्त्रांनी मी सागराशी लढलो ती तुला दिली, असे अलेप्पोचा देव अदद त्यात राजा झिम्रीलिम यास कळवतो.

इतिहासाचे साधन म्हणून हे काव्य विश्वाच्या आरंभाविषयी काही सांगत नाही. बॅबिलनच्या पुरोहितवर्गाला आपल्या नगराचे स्थान कोठे हवे होते, हे मात्र उत्तम सांगते. ॲसिरियन पाठात मार्दुकाच्या जागी अंशार, म्हणजे ॲसिरियाचा राष्ट्रदेव असुर, घातलेला आढळतो. अकितू या नववर्षोत्सवाच्या चौथ्या दिवशी काव्याचे पठण होई. परंतु या उत्सवाच्या विधींचा ग्रंथ उत्तरकालीन प्रतींतून मिळतो, तेव्हा त्यावरून प्राचीन प्रथेचा निष्कर्ष जपूनच काढावा लागतो.

हेर्मान गुंकेल याने १८९५ मध्ये बायबलमधील ‘उत्पत्ती’चा पहिला अध्याय बॅबिलोनियन कथेवर आधारल्याचे प्रतिपादन केले. आज थेट उसनवारीपेक्षा समाईक सागरयुद्ध-परंपरेकडे कल अधिक आहे.

भारतात लोकमान्य टिळकांनी भांडारकर गौरवग्रंथातील (१९१७) लेखात अथर्ववेदातील (५·१३) ‘तैमात’ या सर्पनामाचा तिआमतशी संबंध जोडून खाल्डियन (बॅबिलोनियन) व वैदिक लोकांच्या संपर्काचे अनुमान केले. हे सूक्त सर्पविष उतरविण्याचे आहे. त्यात सृष्टिरचनेचा प्रसंग नाही. शब्दसाम्य लक्षणीय असले तरी केवळ त्यावर कथेचा प्रवास सिद्ध होत नाही.