घनकचरा व्यवस्थापन, पुणे शहरातील

घरे, दुकाने, मंडया, हॉटेले आणि रस्ते यांतून निघणारा कचरा गोळा करणे, त्याचे प्रकार वेगळे करणे, कामाचे ते काढून घेणे आणि उरलेल्याची विल्हेवाट लावणे या सगळ्या कामाला मिळून घनकचरा व्यवस्थापन म्हणतात. सांडपाणी त्यात धरत नाहीत. पुण्याची वेगळी नोंद करण्याचे कारण असे, की भराभर वाढणाऱ्या शहराला कचऱ्यापायी ज्या अडचणी येतात त्या बहुतेक सगळ्या येथे आल्या आणि त्यांपैकी एकीवर निघालेले उत्तर पाहायला बाहेरच्या देशांतून माणसे येतात. ते उत्तर कोणत्या यंत्राने दिलेले नाही. ते कचरा वेचणाऱ्या बायकांनी दिले.

जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे २०१ कोटी टन नागरी कचरा होत होता आणि २०५० पर्यंत तो ३४० कोटी टनांवर जाईल असा अंदाज होता. वाढीचा वेग सर्वांत जास्त आहे तो गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. तिथल्या कचऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग ओला असतो : भाजीची देठे, फळांच्या साली, शिळे अन्न. श्रीमंत देशांत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहते. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण परदेशी यंत्रे आपल्याकडे का फसतात हे त्यातूनच कळते. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर कचरा जाळून वीज करण्याचा प्रकल्प उभा राहिला आणि काही आठवड्यांतच बंद पडला. कचरा पेटण्याइतका कोरडाच नव्हता. कागद, पुठ्ठा, प्लास्टिक असे जळण्याजोगे जे काही होते, ते भट्टीपर्यंत पोहोचण्याआधीच भंगारवाल्याकडे गेलेले असते, हेही आखणाऱ्यांनी लक्षात घेतले नसावे.

पुण्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे २५ लाख होती, २०११ मध्ये ३१ लाखांवर गेली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेत आल्यावर शहराचे क्षेत्र ५०० चौ. किमी.च्या पुढे गेले. रोजचा कचरा आता २,००० टनांहून अधिक आहे. तो जातो कुठे, हा प्रश्न मात्र जुना आहे.

गावाकडे प्रत्येक घराचा उकिरडा असे. शेण, राख, पालापाचोळा त्यात पडे आणि पावसाळ्यापूर्वी खत म्हणून शेतात जाई. शहराने उकिरडा घेतला, शेत घेतले नाही. पुण्याचा कचरा बरीच वर्षे कोथरूडच्या डेपोत, त्या काळच्या वेशीबाहेर, पडत होता. वेस पुढे सरकली, डेपोभोवती सोसायट्या झाल्या, दुर्गंधीविरुद्ध ओरड झाली आणि १९९० च्या दशकात गाड्यांची तोंडे सासवड रस्त्याकडे, उरुळी देवाची व फुरसुंगीच्या दगडखाणींच्या जागेकडे वळली. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव फिरते म्हणतात. कोथरूडच्या उकिरड्याचे फिरले, त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. उरुळीकरांच्या वाट्याला मात्र १६३ एकरांचा कचरा आला.

त्या ढिगातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने आसपासच्या विहिरी नासल्या. वर्गीकरण न झालेला ओला कचरा दाबून ठेवला की आत हवा पोहोचत नाही, मिथेन तयार होतो आणि उन्हाळ्यात ढीग आतून पेटतात. एप्रिल २०१७ मध्ये अशीच मोठी आग लागली. ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या आणि सुमारे तीन आठवडे पुण्यात कचरा साठत राहिला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘कचराकोंडी’ म्हटले. गाड्या अडवणे हे त्या गावांचे नेहमीचे हत्यार होते, आणि पाणी, नोकऱ्या, डेपो बंद करण्याच्या तारखा यांची आश्वासने प्रत्येक वेळी नव्याने दिली जात. छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाचे औरंगाबाद) २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी तेच केले, तेव्हा गाड्या मिटमिट्याकडे वळवल्या गेल्या आणि तिथे दंगल उसळली. मुंबईचा देवनारचा कचरा डेपो १९२७ पासूनचा. २०१६ च्या जानेवारीतला तिथला धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. उरुळीच्या ढिगांवर पुढे मातीचे थर टाकून ते झाकण्यात आले. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनंतर बायोमायनिंगही सुरू झाले, म्हणजे जुना कचरा उकरून, चाळून, माती आणि प्लास्टिक वेगळे काढणे. जमीन मोकळी होते हे खरे. पण पाठोपाठ नवा कचरा येत राहिला तर हे काम गळक्या होडीतून पाणी उपसण्यासारखे आहे.

कचरा उरुळीला जाण्याआधी त्यातून बरेच काही काढून घेतले जात होते, फक्त त्याची नोंद कुठे नव्हती. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर मराठवाड्यातून व इतर कोरडवाहू भागांतून पुण्यात आलेल्या दलित, विशेषतः मातंग व नवबौद्ध कुटुंबांतील अनेक स्त्रिया कचराकुंड्यांतून कागद, काच, पत्रा, बाटल्या वेचून विकत. पोलीस त्यांना चोर समजत, कुत्री मागे लागत, भंगारवाला काट्यात मारत असे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या १९९० च्या सुमारास साक्षरतेच्या निमित्ताने त्यांच्यापर्यंत पोहोचल्या. त्यांत पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण होत्या. अक्षरांपेक्षा आधी धंद्याचे बोला, असे त्या बायकांचे म्हणणे पडले. घराघरांत ओला-सुका वेगळा ठेवायला सांगितले तर कुंडीत हात घालावा लागणार नाही, ही कल्पना त्यातून पुढे आली.

मे १९९३ मध्ये हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. पहिल्या मेळाव्याला आठशेच्या आसपास वेचक आले होते. संघटनेची पहिली मागणी मजुरीची नव्हती, ओळखपत्राची होती. महापालिकेने मान्य केलेले ओळखपत्र हाती असले की पोलीसचौकीत बोलता येते. १९९० च्या दशकाच्या मध्याला पुणे महापालिकेने ते दिले, पुढे आरोग्यविमाही आला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी २००१ मध्ये झालेल्या अभ्यासाने वेचकांचे काम प्रथम रुपयांत मांडले : त्या जो माल काढून घेतात तेवढा महापालिकेला वाहून न्यावा लागत नाही, म्हणजे वेचक पालिकेला फुकट मजुरी देत आहेत. हे मांडल्यावर बोलणीची भाषा बदलली, आणि वेचकांना कल्याणाच्या रांगेतून सेवेच्या रांगेत आणण्याचा मार्ग खुला झाला.

त्यातून ‘स्वच्छ’ ही वेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था आली. प्रायोगिक काम २००५ च्या सुमारास सुरू झाले आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला. दोघी-दोघींची जोडी ढकलगाडी घेऊन साधारण दोन-तीनशे घरांचा कचरा दारातून उचलते, ओला महापालिकेच्या गाडीत देते आणि सुका शेडमध्ये नेऊन त्याची निवड करते. पुठ्ठा, वर्तमानपत्र, दुधाची पिशवी, पाण्याची बाटली यांचे भाव वेगळे, त्यामुळे ढीगही वेगळे. कमाई दोन बाजूंनी : घरटी मासिक शुल्क आणि भंगाराची विक्री. पगार महापालिका देत नाही. साधने आणि व्यवस्थापनाचा खर्च उचलते. त्यामुळे तिचा खर्च वाचतो, आणि भंगाराचा भाव पडला की तोटा बाईच्या पदरात पडतो. २००८ च्या जागतिक मंदीत आणि २०२० च्या टाळेबंदीत हे चांगलेच जाणवले. या व्यवस्थेवरचा सर्वांत रास्त आक्षेप हाच आहे, आणि तो बहुधा तिचे गोडवे गाणाऱ्यांच्या भाषणात नसतो.

दुसरी अडचण कराराची. २०१६ मध्ये नूतनीकरण झाले खरे, पण २०२० च्या अखेरीस मुदत संपली तेव्हा मुदतवाढी तुकड्यातुकड्यांनी मिळत राहिल्या. बंदिस्त घंटागाड्या आणि खासगी ठेकेदार यांची ओढ शहरांना सुटत नाही. ठेक्याची निविदा फाइलीत बसते, साडेतीन हजार बायकांचा जमाखर्च बसत नाही.

काही लहान गोष्टी मोठ्या योजनांपेक्षा अधिक उपयोगी ठरल्या. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर वेचकांच्या हाताला उघडे लागत. त्यावर उपाय म्हणून कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, इतकाच आग्रह धरला गेला. २०१३ मध्ये संस्थेने गोळा झालेले पॅड थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवले होते. ८ एप्रिल २०१६ च्या केंद्राच्या नियमांत तिन्ही बाबी आल्या : ओला, सुका आणि घातक कचरा घरीच वेगळा करणे, वेचकांना व्यवस्थेत सामावून घेणे, आणि पॅडसोबत गुंडाळण्यासाठी वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणे.

ओल्या कचऱ्याचे कोडे मात्र अजून सुटलेले नाही. महापालिकेने प्रत्येकी ५ टन क्षमतेचे वीसहून अधिक बायोगॅस प्रकल्प प्रभागांत उभारले. वाहतूक वाचावी, कचरा जवळच जिरावा हा हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात त्यांतले कित्येक बंद पडले किंवा अर्ध्या क्षमतेने चालले, कारण त्यांत येणाऱ्या ओल्या कचऱ्यात प्लास्टिकच्या पिशव्या, चमचे, कधी नारळाच्या करवंट्या निघत आणि टाक्या तुंबत. नव्या सोसायट्यांना गांडूळखताची सोय सक्तीची आहे आणि असे प्रकल्प चालवणाऱ्यांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत मिळते. अनेक ठिकाणी खड्डा बांधकाम-पूर्णत्वाच्या दाखल्यापुरताच असतो. वर गवत उगवलेले असते, आणि ओला कचरा फाटकाबाहेर गाडीची वाट बघत उभा असतो.

उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे २०१७ मध्ये महापालिकेत घेतली गेली, पुढे वेगळी काढून त्यांची नगर परिषद झाली. ज्या शहराचा कचरा सोसला त्याचे नागरिक म्हणून ती फार काळ राहिली नाहीत. ढीग जागचा हलला नाही.