वयात बसणं वेगळं, पहिलीला तयार असणं वेगळं

‘आमची वयात बसतेय, मग यंदाच पहिलीला घालायला हवी ना?’ दर मे महिन्यात मला हे कुणीतरी विचारतंच. नाही, घालायलाच हवी असं नाही.

वयाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलाला जूनमध्ये पहिलीत घेता येतं. केंद्रीय विद्यालयांची तारीख ३१ मार्च. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. हा भाग एवढाच.

घोळ होतो तो पुढे. ही अट किमान वयाची आहे. ‘इतकं तरी हवं’ एवढंच ती सांगते, पण घरोघरी ती ‘याच वर्षी हवं’ अशी वाचली जाते. २० डिसेंबरला जन्मलेली मुलगी जूनच्या मध्यावर साडेपाच वर्षांची असते. तिच्याच बाकावर जानेवारीत जन्मलेला मुलगा जवळजवळ साडेसहाचा असतो. अंतर अकरा महिन्यांचं, म्हणजे तिच्या आख्ख्या आयुष्याच्या सहाव्या हिश्शाएवढं. वही तीच, ओळी त्याच, वेळही तेवढाच. मग ती ‘चंचल’ ठरते, ‘अक्षर वाईट’ ठरतं. या वयात मनगटाची हाडंही पुरती तयार झालेली नसतात, हे तो शेरा लिहिताना कुणाला आठवत नाही. शिक्षण हक्क कायदासुद्धा सहा वर्षांपासून लागू होतो, आणि जूनमध्ये तिला सहावं पूर्ण व्हायला अजून सहा महिने असतात. थांबलात तर कुठलाही नियम मोडत नाही.

‘वर्ष वाया जाईल’ हे वाक्य मला ऐकवत नाही. ते वर्ष बालवाडीत, मोठ्या शिशूत खेळण्यात, गोष्टी ऐकण्यात जातं. नुसतं घरी बसवून ठेवणं मात्र मलाही मान्य नाही. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल, तर तिथे कमाल वयही असतं, ते आधी बघा.

आणि तयारी म्हणजे मुळाक्षरं आणि शंभरपर्यंत पाठ केलेले आकडे नव्हेत. शू लागली तर बाईंना सांगता येतं का? डबा उघडून स्वतः जेवता येतं का? गोष्ट संपेपर्यंत बसवतं का? आई फाटकातून परतली की थोड्या वेळात रडू थांबतं का? पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडे शाळेत भरणाऱ्या शाळापूर्व तयारी मेळाव्यात शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा आणि गणनपूर्व अशी सगळीच तयारी पाहतात. त्यात नापास कुणी होत नाही. कमी दिसेल त्याचे खेळ आईला घरी घ्यायला देतात.

म्हणूनच ‘तयार नाही’ हे शब्द शाळेच्या तोंडी शोभत नाहीत. प्रवेशासाठी मुलाची मुलाखत किंवा चाचणी घ्यायला कायद्याने बंदी आहे. थांबायचं की नाही हे घराने ठरवायचं, आणि तेही ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांपुरतंच. मार्चमध्ये जन्मलेल्या, नीट बोलणाऱ्या-खेळणाऱ्या मुलाला केवळ वर्गात थोरला ठरावा म्हणून मागे ठेवू नका.